शिक्षकी पेशातून कॉमिक्सकडे : नागपूरच्या शिक्षकांसाठी पानापानाचा हिशोब

फळ्यावर दोन मिनिटांत बेडकाची पचनसंस्था काढणाऱ्या सरांना किंवा मॅडमना स्टाफरूममध्ये हमखास ऐकायला मिळतं, 'तुम्ही इथे कशाला अडकलात, चित्रकार व्हायचं ना!' या कौतुकावर राजीनामा लिहू नये. कॉमिक्सच्या कामात हात चांगला असणं गृहीतच धरलेलं असतं. पैसे मिळतात ते ठरल्या तारखेला, ठरल्या मापात पूर्ण झालेल्या पानांचे. म्हणून या लेखात नोकरी सोडण्याचा भाग सगळ्यात शेवटी आहे आणि पानांचा भाग सगळ्यात लांब.

साधारण दोन शालेय वर्षं धरून चाला. आपल्याकडे शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, म्हणजे विदर्भातल्या शिक्षकाला उन्हाळ्यात मिळणारा सलग वेळ उर्वरित महाराष्ट्रातल्या शिक्षकापेक्षा जास्त असतो. ही संपूर्ण आखणी त्या सुट्टीभोवतीच केली आहे. बोर्डाच्या पेपर तपासणीचे दिवस आणि निवडणुकीची ड्युटी मात्र आधीच वजा करा. बीएलओचं काम गळ्यात पडलं असेल तर आणखी दोन महिने.

आधी नोकरीचा प्रकार पाहा

चित्र काढायला बसण्याआधी एक संध्याकाळ कागदपत्रांना द्या. अनुदानित, विनाअनुदानित, जिल्हा परिषद की तासिका तत्त्व, यावर तुमची घाई किती परवडेल हे ठरतं.

सरकारी शिक्षकांना १९७९ चे वर्तणूक नियम लागू आहेत. खासगी धंदा परवानगीशिवाय करता येत नाही, पण कर्तव्यात बाधा येत नसेल तर प्रासंगिक साहित्यिक व कलात्मक कामाला त्यात जागा आहे. 'प्रासंगिक' हा शब्द लक्षात ठेवा. दिवाळी अंकात चार पानं काढणं वेगळं आणि दरमहा बिलं फाडणं वेगळं. अनुदानित शाळेत असाल तर व्यवस्थापनाला लेखी कळवून पोच घ्या. जोडीला चित्रकलेचे क्लास काढायचा मोह होईल, पण शिक्षण हक्क कायद्याचं कलम २८ शिक्षकाला खासगी शिकवणीची मनाई करतं. तेव्हा नोकरीत असेपर्यंत क्लास नको.

दुसरी बाब हक्कांची. नोकरीचा भाग म्हणून काढलेल्या चित्रांचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणारा असतो. शाळेच्या उपक्रमासाठी काढलेलं कॉमिक पुढे 'माझं पुस्तक' म्हणून छापायला गेलात तर वाद होऊ शकतो. आपलं काम शाळेच्या वेळेबाहेर, आपल्या कागदावर, आपल्या संगणकावर करा. पाठ्यपुस्तकातली संकल्पना वापरायला हरकत नाही. त्यातलं वाक्य किंवा चित्र उचलायचं नाही.

पहिले चार महिने : एका ए४ कागदाची आठ पानं

बहुतेक जण इथेच फसतात. डोक्यात दोनशे पानांची महागाथा असते, तिची पात्रं वर्षभर वहीत फिरतात आणि पूर्ण झालेलं पान एकही नसतं. त्याऐवजी एक ए४ कागद घ्या. तीन वेळा निम्म्यात दुमडून उघडलात की आठ चौकटी दिसतात. कागद रुंदीत एकदा दुमडा, दुमडलेल्या बाजूकडून मधल्या घडीवर कागदाच्या मध्यापर्यंत कात्री चालवा, उघडून लांबीत दुमडा आणि दोन्ही टोकं आत ढकला. आठ पानांची पुस्तिका तयार होते, मुखपृष्ठ आणि मलपृष्ठासकट. एका बाजूची झेरॉक्स पुरते.

अशा चार पुस्तिका पूर्ण करा, महिन्याला एक. पहिली फसणारच, दुसरीत अक्षरं लहान पडतील. चौथीपर्यंत लक्षात येतं की मुखपृष्ठ-मलपृष्ठ सोडून उरलेल्या सहा पानांत एकच प्रसंग मावतो.

हे कठीण वाटलं तर भित्तिपत्रकाने सुरुवात करा. वर्ल्ड कॉमिक्स इंडियाने गावोगावच्या कार्यकर्त्यांना शिकवलेला प्रकार असा : दोन ए४ कागद जोडून एक ए३, त्यावर मथळा आणि चार चौकटी. पहिलीत परिस्थिती, दुसरीत अडचण, तिसरीत वळण, चौथीत शेवट. चित्रकला न येणारी माणसंही हे करतात, त्यामुळे तुमच्या हाताला ते सोपं जाईल आणि कथा किती कच्ची आहे ते मात्र लगेच उघडं पडेल.

प्रत्येक पानामागे एक वहीपान ठेवा : पटकथा, अंगठ्याएवढे कच्चे आराखडे, पेन्सिल, अक्षरं, शाई, स्कॅन व सफाई. प्रत्येक टप्प्यापुढे मिनिटं लिहा. सहा चौकटींच्या काळ्या-पांढऱ्या पानाला नवख्याला आठ ते बारा तास सहज लागतात. रोज संध्याकाळी दीड तास आणि रविवारी पाच तास बसलात, तर आठवड्याला एक पान. पुढे दर ठरवताना हीच वही उघडावी लागते.

मास्तरकी कथेतून कशी काढायची

शिक्षकाकडे एक मोठं भांडवल असतं : अवघड गोष्टीचे टप्पे पाडता येतात आणि पोरांचं लक्ष कुठे सुटतं ते कळतं. याच भांडवलाची खोटही आहे. शिक्षक समजावून सांगतो, मग पुन्हा सांगतो, मग 'कळलं ना?' विचारतो. पानावर हे तिन्ही आले की वाचक उठून जातो.

एक उदाहरण पूर्ण घेऊ. विषय : संत्र्याचा मृग बहार. आपल्याकडची संत्री दोन बहारांची. आंबिया बहाराची फुलं थंडी सरताना येतात, मृग बहाराची पावसाच्या तोंडावर. मृग बहार धरायचा तर मे महिन्यात बागेचं पाणी तोडून झाडाला ताण द्यावा लागतो.

शिक्षकी पद्धतीचं पहिलं पान बहुधा असं येतं. चौकटीच्या वर पट्टी : 'मे महिन्यात शेतकरी झाडांना पाणी देत नाहीत. याला ताण देणे म्हणतात.' खाली शेतकरी उभा, हात कमरेवर. फुग्यात : 'बाळा, आपण झाडांना ताण देत आहोत.' एकच माहिती तीनदा आली आणि घडलं काहीच नाही.

आता हेच चार चौकटींत. पहिली : भर दुपार, पानं मान टाकून, जमिनीला भेगा, सात-आठ वर्षांची पोरगी दोन्ही हातांनी पाइप ओढते आहे. 'आबा, झाडं सुकून राहिली ना!' दुसरी : फक्त हात आणि व्हॉल्व्ह. आबा तो बंद करताहेत. शब्द नाहीत. तिसरी : पहिल्या चौकटीतलीच जागा, तोच कोन, पण पाऊस, पोरगी गोठ्याच्या छपराखाली पाठ फिरवून रुसून बसलेली. चौथी : तेच झाड पांढऱ्या फुलांनी भरलेलं, पोरगी टाचा उंचावून वास घेते आहे. मागून आबा : 'आता सोड पाणी.'

ताण हा शब्द कुठेच आला नाही. तो पुस्तिकेच्या मलपृष्ठावर दोन ओळींत द्या, तिथे मास्तरकीला मुभा आहे. पहिली आणि तिसरी चौकट एकाच कोनातून का, हेही पाहा. वाचकाला बदल मोजता यावा म्हणून. कोन बदलला असता तर ती दुसरीच बाग वाटली असती.

तपासणीची रीत सोपी आहे. सगळे फुगे आणि पट्ट्या बोटाने झाका. नुसत्या चित्रांवरून काय घडतंय ते घरातल्या कुणाला सांगता आलं पाहिजे. मग उलट करा, चित्रं झाकून शब्द वाचा. शब्दांतूनच सगळं कळत असेल तर तो धडा झाला, निम्मे शब्द काढा. एका फुग्यात वीस-पंचवीस शब्दांच्या वर जायचं नाही. एका पानावर शंभराच्या पुढे गेलात तर पटकथाच फोडायला हवी.

संवादाची भाषा पुणेरी पाठ्यपुस्तकाची नको आणि नाटकी वऱ्हाडीही नको. 'करून राहिला', 'येऊन राहिली' ही आपली क्रियापदं आणि वाक्याच्या शेवटचा 'ना' किंवा 'बे' एवढ्याने इतवारीतला माणूस उभा राहतो. प्रत्येक शब्दाचं उच्चाराप्रमाणे लेखन करत बसलात तर साताऱ्याचा वाचक दुसऱ्या चौकटीत थांबेल.

निरीक्षणाची वही मात्र सतत खिशात हवी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी महालात आणि इतवारीत काळी-पिवळी मारबत निघते, तिच्यासोबतचे बडगे बघा. त्या वर्षीचा राग एका पुतळ्यात आणि दोन ओळींच्या पाटीत कसा बसवतात, हा व्यंगचित्राचा उत्तम वर्ग आहे आणि फुकट आहे. बर्डीच्या मेट्रो स्टेशनवर अर्धा तास बसून नुसत्या उभं राहण्याच्या ढबी काढल्यात तरी पुष्कळ होतं.

पानाचं माप

पहिली पुस्तकं ए५ आकारात छापा, १४८ बाय २१० मिलिमीटर. मूळ चित्र ए४ वर काढा. ए४ चं ए५ करताना ७०.७ टक्के लहान होतं आणि तेवढ्यात रेषेचे कंप झाकले जातात. ए४ च्या चारही बाजूंनी १४ मिलिमीटर सोडलेत तर आत १८२ बाय २६९ ची चौकट उरते. तीन आडव्या रांगा, दोन उभे रकाने, मधल्या फटी ५ मिलिमीटर. प्रत्येक चौकट जवळपास चौरस येते, ८८ बाय ८६. या सहा चौकटींच्या जाळ्यावर निदान तीस पानं काढा. तिरक्या, फुटलेल्या, एकमेकांवर चढलेल्या चौकटी नंतर.

चित्र कागदाच्या कडेपर्यंत नेणं पहिल्या दोन पुस्तकांत टाळा. त्यासाठी छपाईत चारही बाजूंनी ३ मिलिमीटर जास्तीचं चित्र लागतं, म्हणजे मूळ कागदावर सव्वाचार. मग चित्र ए४ च्या बाहेर जातं, घरच्या स्कॅनरवर मावत नाही आणि दोन तुकडे जोडताना मधली रेघ चुकते.

पानं चारच्या पटीत ठेवा, कारण पिन मारून बांधायच्या पुस्तकात एका कागदाची चार पानं होतात. अठरा पानांची कथा घेऊन गेलात तर दोन पानं कोरी जातील. रहस्य उजव्या पानाच्या शेवटच्या चौकटीत ठेवा, उलगडा पान उलटल्यावर डावीकडे वर. समोरासमोरच्या पानांवर दोन्ही आले तर वाचकाची नजर आधीच उलगड्यावर जाते.

अक्षरं

मराठी कॉमिक्स हौशी दिसण्याचं सर्वांत मोठं कारण चित्र नसतं, अक्षर असतं. चित्र पूर्ण करून उरलेल्या जागेत फुगा कोंबला जातो. क्रम उलटा ठेवा : पेन्सिलीच्या टप्प्यावर आधी मजकूर लिहा, त्याभोवती फुगा काढा, मग पात्रं. आधी बोलणारं पात्र डावीकडे आणि त्याचा फुगा वर.

देवनागरीला उभी जागा जास्त लागते. वर मात्रा, वेलांटी, रफार; खाली उकार आणि जोडाक्षरांची शेपटं. इंग्रजी कॉमिक्सचं ओळींमधलं अंतर जसंच्या तसं घेतलं की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत घुसतो. फॉन्टच्या आकाराच्या १.३ ते १.४ पट अंतर ठेवा. ए५ वर छापून आल्यावर अक्षर ९ पॉइंटच्या खाली नको, लहान मुलांसाठी ११-१२. हाताने लिहीत असाल तर आखलेली रेघ शिरोरेषेची धरा आणि अक्षरं तिला लटकवा. खालच्या रेघेवर बसवायला गेलात तर ओळ नाचते.

संगणकावर फक्त युनिकोड. कलम, बालू, मुक्त हे फॉन्ट मुक्त परवान्याचे आहेत, व्यावसायिक कामात चालतात. कलम हस्ताक्षरासारखा असल्याने संवादाला शोभतो, बालू आवाजाच्या शब्दांना. फोटोशॉपमध्ये देवनागरी लिहिताना टाइपच्या सेटिंगमध्ये 'वर्ल्ड-रेडी' मांडणी निवडली नसेल तर जोडाक्षरं फुटतात आणि पहिली वेलांटी भलत्याच बाजूला जाते. इंकस्केप मोफत आहे आणि त्यात हा त्रास होत नाही. चित्र क्रिता या चित्रकलेच्या सॉफ्टवेअरमध्ये, अक्षरं इंकस्केपमध्ये, ही जोडी सुरुवातीला पुरेशी आहे.

छापखान्यात फाइल देण्याआधी सगळी अक्षरं आउटलाइनमध्ये बदला, म्हणजे मजकुराचे नुसते आकार होतात आणि फॉन्टची गरज उरत नाही. अजूनही बऱ्याच ठिकाणी जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टवर काम चालतं. तिथे कुणी मजकूर 'कन्व्हर्ट' केला की 'र्‍या' आणि 'ऱ्ह' हमखास बिघडतात, आणि ते कळतं पाचशे प्रती हातात आल्यावर. आउटलाइन करण्याआधीची फाइल वेगळी जपून ठेवा, नाहीतर शुद्धलेखनाची एक चूक सुधारायला पूर्ण पान पुन्हा लिहावं लागेल.

कागद, शाई आणि इथलं हवामान

सुरुवातीला टॅबलेट घेऊ नका. एचबी आणि २बी पेन्सिल, ०.२, ०.३, ०.५ आणि ०.८ ची पिगमेंट शाईची पेनं, दोन-तीन नंबरचा गोल ब्रश, वॉटरप्रूफ काळ्या शाईची बाटली, आयव्हरी शीट. एवढं बर्डीत एका फेरीत मिळतं. चौकटीची कड ०.८ ने, पुढची माणसं ०.५ ने, चेहरे ०.३ ने, मागची घरं-झाडं ०.२ ने. ०.१ चं पेन कागदावर सुंदर दिसतं, पण ए५ ला लहान झाल्यावर त्याची रेघ छपाईत तुटते. बाटलीतली शाई फाउंटन पेनात कधीच भरू नका, ती आत वाळून पेन कायमचं बंद पडतं.

उन्हाळ्यातली गंमत वेगळी. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या आसपास आणि हवा कोरडी, त्यामुळे टाकाच्या निबवरची शाई चार रेघांत वाळते. शेजारी पाण्याची वाटी आणि सुती फडकं ठेवा, दर काही मिनिटांनी निब बुडवून पुसा. बाटलीत शाई घट्ट झाली तर डिस्टिल्ड वॉटरचे दोन-चार थेंब टाका. मग कूलर लावलात की उलटा त्रास : त्याची ओली हवा थेट कागदावर आली तर आयव्हरी शीट वळते आणि पाण्याच्या शाईची कड पसरते. कूलरचा झोत टेबलाच्या बाजूने जाऊ द्या आणि कागद चारही कोपऱ्यांना बोर्डावर चिकटवून ठेवा. हाताखाली एक जादा कागद हवाच, घामाचा डाग पडलेल्या जागी शाई नीट बसत नाही.

शाईनंतर पेन्सिल पुसायची घाई करू नका. वरून वाळलेली दिसली तरी जाड काळा भाग आत ओला असतो. रात्रभर राहू द्या. पावसाळ्यात कोरे कागद प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये, सिलिका जेलच्या पुड्यांसह.

स्कॅन ते छपाई

काळी रेघ ६०० डीपीआयवर ग्रेस्केलमध्ये स्कॅन करा, मग लेव्हल्स ओढून, म्हणजे गडद-फिकेपणा बदलून, कागदाचा करडा रंग घालवा. मोबाइलचा फोटो सोशल मीडियापुरता ठीक, छपाईत कोपरे वाकडे येतात. रंगीत पानाला छपाईच्या आकारात ३०० डीपीआय पुरते. रंगीत पानात काळी रेघ फक्त काळ्या शाईची ठेवा. आरजीबीतून (पडद्याचे रंग) सीएमवायके (छपाईच्या चार शाया) करताना काळा रंग चार शायांत वाटला जातो आणि प्लेट जराशी सरकली की प्रत्येक रेघेला लाल-निळी किनार दिसते.

दोनशे-तीनशे प्रतींपर्यंत डिजिटल छपाई, त्यापुढे ऑफसेट, असा ढोबळ नियम. आतला कागद ८० ते १०० जीएसएम मॅपलिथो, मुखपृष्ठ २५० चं आर्ट कार्ड. तीन छापखान्यांतून दर घ्या आणि पैसे देण्याआधी एक पूर्ण प्रत बांधून मागा. पडद्यावरची पीडीएफ पाहून 'ओके' देणं ही सर्वांत महाग सही. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, राजा राममोहन रॉय एजन्सीकडून विनाशुल्क मिळतो, त्यासाठी दलालाला पैसे देऊ नका.

उन्हाळ्याची रंगीत तालीम

पहिल्या वर्षाच्या मे-जूनमध्ये सहा आठवडे असे वागा, जणू नोकरी सुटली आहे. लक्ष्य : २४ पानांची एक पूर्ण गोष्ट. पहिला आठवडा पटकथा आणि आराखडे, पुढचे चार आठवडे आठवड्याला सहा पानं, शेवटचा आठवडा सफाई आणि छपाई. सकाळी सहा ते अकरा शाईचं काम, दुपारी उकाड्यात स्कॅन आणि अक्षरं.

आठवड्याला सहा पानं जमली नाहीत तर त्यात लाज नाही, पण आकडा लिहून ठेवा. चार जमत असतील तर पुढच्या ग्राहकाला महिन्यात सोळापेक्षा जास्त पानांचा शब्द द्यायचा नाही. तालमीत आणखी एक गोष्ट कळते, जी कुणी आधी सांगत नाही : दिवसभर एकट्याने बसवतं का. चाळीस पोरांच्या गलक्यात पंधरा वर्षं काढलेल्या माणसाला ती शांतता जड जाऊ शकते. तसं झालं तर शाळा न सोडता वर्षाला एक पुस्तक करणं हाही चांगला निर्णय आहे.

काम कुठे मिळतं

मराठीत केवळ कथा-कॉमिक्सवर घर चालवणं अवघड आहे, हे आधीच मान्य करून पुढे जा. पैसा माहितीपर कामात आहे आणि तिथे शिक्षकाची बाजू भक्कम आहे. नागपुरात केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे, लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संशोधन संस्था आहे, पर्यावरणावर संशोधन करणारी नीरी आहे. पेंच-ताडोब्यासाठी काम करणाऱ्या वन्यजीव संस्था आहेत. संशोधन शेतकऱ्यापर्यंत, गावापर्यंत, शाळेपर्यंत नेणं हा अशा सगळ्यांचा कायमचा प्रश्न असतो. मृग बहाराच्या चार चौकटी घेऊन विस्तार विभागात गेलात तर बोलायला विषय मिळतो. 'मला चित्रं काढता येतात' म्हणून गेलात तर चहा मिळेल.

दिवाळी अंकांचं काम उन्हाळ्यातच सुरू होतं. ऑगस्टमध्ये विचारलंत तर पानं भरलेली असतात. मानधन थोडं, पण राज्यभर नाव जातं. 'किशोर'सारखी मासिकं आणि वर्तमानपत्रांच्या मुलांच्या पुरवण्या यांना तयार, पूर्ण पान पाठवा. कल्पना पाठवू नका. स्वतःचं पुस्तक विकायचं असेल तर धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीच्या परिसरातले पुस्तकांचे स्टॉल पाहून या. दूरवरून आलेली माणसं पिशव्या भरून छोट्या पुस्तिका नेतात. तिथे टिकायचं तर किंमत कमी आणि विषय त्या वाचकाचा हवा.

नमुन्यादाखल दहा-बारा पानंच दाखवा. त्यात एक सलग चार पानांचा प्रसंग असलाच पाहिजे. सुटी पोर्ट्रेट्स आणि गणपती काढून टाका. इन्स्टाग्रामवर १०८० बाय १३५० पिक्सेलमध्ये एका स्लाइडवर एक चौकट टाका, पूर्ण ए५ पान मोबाइलवर वाचता येत नाही.

दर आणि करार

दर असा काढा. समजा घरखर्च महिना ३२,००० रुपये. महिन्याचे २२ दिवस, दिवसाला सहा तास, म्हणजे १३२ तास. त्यातले ६० टक्केच पैसे देणाऱ्या कामाचे असतात, बाकी भेटीगाठी, ईमेल, दुरुस्त्या. उरले सुमारे ८० तास. तासाला ४०० रुपये. तुमच्या वहीत पानाला नऊ तास असतील तर पान ३,६०० रुपयांच्या खाली घेणं म्हणजे खिशातून भरणं. यात विमा, आजारपण, नवा स्कॅनर काहीच धरलेलं नाही. 'सर, तुम्ही तर शिक्षक, समाजकार्य समजून करा' हे वाक्य येईल. पटलं तर फुकट करा, पण अर्ध्या दरात करू नका. अर्धा दर पुढे पूर्ण दर बनतो.

४०-३०-३० चे हप्ते ठेवा : काम सुरू होताना, पेन्सिल मंजूर झाल्यावर, अंतिम फाइल देताना. पटकथा आणि पेन्सिल या दोन्ही टप्प्यांवर लेखी मंजुरी घ्या. संस्थेची समिती शाई झालेलं पान पहिल्यांदा पाहते आणि म्हणते, 'शेतकरी जरा हसरा दाखवा.' तो बदल पेन्सिलीत दोन मिनिटांचा असतो, शाईनंतर पानच नव्याने काढावं लागतं. शाईनंतरच्या बदलांचे वेगळे पैसे करारात लिहा.

हक्क देताना कॉपीराइट कायद्याचं कलम १९ वाचा. हस्तांतर लेखीच हवं. मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं, प्रदेश लिहिला नसेल तर भारत असं धरलं जातं. 'सर्व हक्क कायमस्वरूपी' हे छापील वाक्य दिसलं तर खोडून नेमकं लिहा : कोणतं काम, कोणत्या भाषेत, छापील की डिजिटल, किती वर्षं.

उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि मोफत आहे. ती असली की सूक्ष्म उद्योगाचं देणं जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकवण्याची आणि उशिराबद्दल बँक दराच्या तिप्पट व्याजाची तरतूद तुम्हाला लागू करता येते. पहिल्याच बिलावर नोंदणी क्रमांक छापा. व्यावसायिक मानधनातून बहुधा १० टक्के टीडीएस कापला जातो, तो विवरणपत्रात परत मागायचा राहू देऊ नका. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेपर्यंत सेवांसाठी जीएसटी नोंदणी लागत नाही.

आता राजीनामा

२४ पानांचं एक काम पूर्ण, दोन वेगळ्या ग्राहकांकडून पैसे बँकेत, त्यातला एक दुसरं काम घेऊन परत आलेला, आणि ग्रॅच्युइटी-पीएफ न धरता वर्षभराचा घरखर्च बाजूला. यातलं एकही अपुरं असेल तर आणखी एक उन्हाळा जाऊ द्या. गृहकर्ज किंवा आरोग्य विमा घ्यायचा असेल तर पगाराची स्लिप हातात असतानाच घ्या.

अनुदानित किंवा सरकारी नोकरीत १ नोव्हेंबर २००५ पूर्वी लागलेल्यांनी 'राजीनामा' आणि 'स्वेच्छानिवृत्ती' यांत गल्लत करू नये. १९८२ च्या निवृत्तिवेतन नियमांनुसार राजीनामा दिला की मागची सेवा जप्त होते, म्हणजे पेन्शन गेली. वीस वर्षांची अर्हताकारी सेवा झाली असेल तर तीन महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छानिवृत्ती घेता येते. अर्हताकारी सेवा वीस वर्षांना थोडी कमी पडत असेल तर घाई करणं म्हणजे शुद्ध नुकसान. नंतर लागलेल्यांनी एनपीएसचा हिशोब आधी मांडावा. मुदतीआधी बाहेर पडलं की जमा रकमेचा मोठा हिस्सा वार्षिकीतच, म्हणजे ठरावीक पेन्शन देणाऱ्या योजनेत, गुंतवावा लागतो.

खासगी शाळांना १९७७ चा सेवाशर्ती अधिनियम लागू आहे. राजीनाम्याच्या दोन प्रती काढा, दोन्हींवर सही आणि तारीख, एक नोंदणीकृत डाकेने व्यवस्थापनाला, दुसरी स्वतःकडे. कायम कर्मचाऱ्याला तीन महिन्यांची नोटीस, कायम नसलेल्याला एका महिन्याची. सत्राच्या मध्यात सोडू नका. जानेवारीअखेर नोटीस दिलीत तर तीन महिने एप्रिलअखेर संपतात, परीक्षा आणि निकालाचं काम अर्धवट राहत नाही आणि समोर पूर्ण उन्हाळा असतो.

सलग पाच वर्षं झालेल्या खासगी शाळेतल्या शिक्षकालाही ग्रॅच्युइटी लागू आहे : शेवटचं मूळ वेतन अधिक महागाई भत्ता, भागिले २६, गुणिले १५, गुणिले सेवेची वर्षं. ३०,००० रुपये आणि बारा वर्षं धरली तर सुमारे २,०७,७०० रुपये. शाळा आपणहून देत नसेल तर लेखी अर्ज करा. पीएफ लगेच काढू नका; पाच वर्षांच्या आत काढला तर करपात्र ठरतो. पेन्शन योजनेत दहा वर्षं झाली नसतील तर फॉर्म १०सी भरून पैसे काढण्याऐवजी योजना प्रमाणपत्र घ्या. पुन्हा कुठे नोकरी लागली तर आधीची वर्षं त्याने जोडली जातात.

शेवटच्या दिवसाआधी सेवापुस्तिकेतल्या सगळ्या नोंदी सहीनिशी पूर्ण करून घ्या आणि पानन् पान स्कॅन करा. अनुभव प्रमाणपत्र लेटरहेडवर, नियुक्तीच्या आणि कार्यमुक्तीच्या तारखांसह मागा. शैक्षणिक प्रकाशकाकडे काम मागायला जाल तेव्हा नमुन्याच्या पानांसोबत तेही लावायचं आहे.